इंजिन धुतलं तो रविवार

माझं डोकं लवकर तापतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या रविवारची सुरुवात माझ्या तापलेल्या डोक्यानेच झाली.

शुक्रवारी चिंचवडला ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी गाडीचं बॉनेट उघडून वायपरच्या टाकीत पाणी ओतत होते. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा एक जण आत डोकावला आणि म्हणाला, "मॅडम, थोडा पाऊस पडू द्या, आत ज्वारी मस्त येईल." आजूबाजूचे हसले. मीपण हसले. पण मनात म्हटलं, थांब लेका, सोमवारी खंडेनवमी आहे, तुला ह्याच इंजिनात तोंड बघून भांग पाडायला लावते.

त्याचं चुकलं नव्हतं म्हणा. आम्ही राहतो महाळुंग्यात. घर गावातलं, पण चारी बाजूंनी कंपन्या. घरातून निघालं की कंटेनरच्या मागे लागायचं आणि तो जे उडवेल ते खात ऑफिस गाठायचं. चार वर्षं मी ती गाडी रोज चालवत होते. जुनीच घेतली होती, पण बाहेरून आरशासारखी ठेवायचे. बॉनेटखाली मात्र पाण्याची टाकी नि ऑइलची काडी ह्यापलीकडे माझी नजर कधी गेली नव्हती. सासूबाई म्हणायच्या, "वरनं पावडर, आतनं मळ." हे त्या गाडीबद्दल म्हणायच्या असं मी धरून चालते.

सासूबाईंना मी आई म्हणते. जमीन एमआयडीसीत गेली त्यानंतर गावातल्या बऱ्याच बायका कंपन्यांत कामाला लागल्या, तशा आईही लागल्या. त्यांची कंपनी गाड्यांच्या वायरी बनवते. गाडीत जेवढ्या वायरी असतात त्या सगळ्यांचा मिळून एक जुडगा होतो, त्याला हार्नेस म्हणतात. खुंट्या ठोकलेला मोठा बोर्ड असतो. त्या खुंट्यांमधून वायरी ओढायच्या, वरून टेप गुंडाळायची आणि वायरींच्या टोकांना प्लॅस्टिकचे कप्लर बसवायचे. आई सोळा वर्षं हे काम करत होत्या. सोळा वर्षांत त्यांच्या हातचा एकही नग माघारी आला नव्हता, आणि ही गोष्ट त्या आल्यागेल्याला ऐकवायच्या, सिलिंडरवाल्यालासुद्धा.

मी लग्न होऊन आले त्या पहिल्या वर्षी एकदा आमचं वाजलं. कशावरून ते आता आठवत नाही. मी बोलून गेले, "टेपच तर गुंडाळता दिवसभर." पुढचा आठवडाभर माझ्या डब्यात रोज भेंडी होती, आणि मला भेंडी चालत नाही हे आईंना चांगलं माहीत होतं.

त्या नवरात्रात आईंची झोप उडाली होती. वर्षभर त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येत होत्या. डॉक्टर म्हणाले, मनगटात शीर दबलीय, ऑपरेशन लागेल; इतकी वर्षं एकच काम, बोटांच्या टोकांची जाण कमी होत चाललीय. आता कप्लर बसवायला नेमकी तीच लागते. लाइनवर इतका गोंगाट की कप्लर नीट बसला की नाही हे कानाला कळत नाही, बोटालाच कळावं लागतं. सुपरवायझरने दोनदा टोकलं आणि मग सांगून टाकलं: दसरा झाला की येणाऱ्या सोमवारी तुमची टेस्ट. पास झालात तर बोर्डवर राहाल, नाहीतर पॅकिंगला जा.

हे त्यांनी स्वतःच्या पोराला सांगितलं नाही. मला सांगितलं. तेही भांडी घासताना, नळ मोठा सोडून.

"पॅकिंगला म्हंजी खोकी चिटकवायची," त्या म्हणाल्या. "सोळा वर्सं बोर्डवर काढली आन् आता खोकी?"

"व्हाल हो आई तुम्ही पास."

"तू घेनार हायस व्हय टेस्ट?"

मग त्यांचा सराव सुरू झाला. कंपनीत त्यांना तीन गोष्टी शिकवलेल्या: ढकल, टक्, ओढ. कप्लर ढकलायचा, टक् झालेलं बोटाला कळलं पाहिजे, मग हलकेच ओढून बघायचं. आई घरात दिसेल त्या वस्तूवर हे करायला लागल्या. डब्यांची झाकणं, गॅसचा रेग्युलेटर, मिक्सरचं भांडं. माझा फोन चार्जिंगला लावलेला असायचा तो दिवसातून दहादा उपटून परत लावायच्या. एकदा मी वैतागले, "अहो आई, चार्जर आहे तो, बैलाचं शेपूट नाही." एरवी त्यांनी मला चांगलं परतवलं असतं. त्या दिवशी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि चार्जर खाली ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तर रविवार. नवरा ओव्हरटाइमला गेला होता. आई सकाळीच देवीच्या देवळात गेल्या, तिथे बायकांचं भजन होतं, दुपारपर्यंत त्या येणार नव्हत्या. मी साडी खोचली, अंगणात गाडी घेतली आणि मोबाइल खिडकीत उभा करून व्हिडिओ लावला. व्हिडिओतला माणूस फार गोड बोलत होता. इंजिन गार असू द्या. बॅटरीची एक वायर काढून ठेवा. फ्यूजचा डबा, बॅटरी, हवेची नळी, जिथे जिथे वायरी येऊन जुळतात ते कप्लर, सगळं प्लॅस्टिकने झाका. मग केमिकल मारा, ब्रशने घासा, पाणी हळू सोडा. मी दुधाच्या पिशव्या आणि रबरबँड घेऊन बसले. शेजारचे भाऊजी कुंपणावरून वाकले, "काय वहिनी, इंजिन उतरवताय का काय?" मी म्हटलं, "उतरवतेय, तुम्ही झेलायला या." ते गेले.

केमिकल मारलं आणि काळा रस्सा खाली गळायला लागला. चार वर्षांचा चाकण रोड माझ्या अंगणात उतरत होता. जुन्या टूथब्रशने एक कोपरा घासला आणि खालून चांदीसारखा धातू वर आला. मी थांबलेच. दुसरा कोपरा घासला, तिथे ठसठशीत उठलेली अक्षरं निघाली. मग एक बाण निघाला. मग एका बोल्टवर पिवळ्या रंगाचा ठिपका, त्याच्या शेजारच्यावर हिरवा, पलीकडे परत पिवळा. ते ठिपके काय आहेत हे मला माहीत होतं, कारण माझा नवरा त्याच्या कंपनीत असलेच ठिपके मारतो. बोल्ट आवळला की मार्करने ठिपका द्यायचा, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं की इथे कुणीतरी हात लावून खात्री केलीय.

मी किती ठिपके मोजले सांगू का? बावीसपर्यंत मोजले आणि सोडून दिलं. त्या एवढ्याशा जागेत, माझ्या दोन परातींएवढ्या जागेत, किती जणांचे हात लागले असतील. सकाळी शिफ्टला जाणारी निळ्या शर्टातली माणसं मी रोज बसथांब्यावर बघते, आणि मनात एवढंच येतं की ह्यांच्या बसमुळे ट्रॅफिक लागणार. त्यांच्यातल्याच कुणी कुणी हे केलं असेल. आणि मी चार वर्षं त्याच्या बाहेरचा पत्रा पुसत बसले होते. अंगावर काटा आला माझ्या. देवळात गेल्यावरही असा येत नाही, खोटं कशाला बोलू.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोळ पुढे केला.

व्हिडिओवाला म्हणाला होता, कप्लर झाका. मी झाकले होते. पण घासता घासता बघितलं तर त्यांच्या खाचांत माती ठासून भरलेली. आता आमच्याकडे खंडेनवमीची सफाई म्हणजे काय, तर वस्तू सोडवून धुवायची. समई आम्ही कधी उभीच्या उभी घासत नाही. तिचे पेच काढायचे, प्रत्येक भाग वेगळा चिंचेने घासायचा, पुसायचा, वाळवायचा, मग परत जोडायची. वरवर पुसलेली समई आई देवापुढे लावू देत नाहीत. तेच माझ्या हाताला लागलेलं वळण. मी दुधाच्या पिशव्या काढल्या आणि कप्लर सोडवायला सुरुवात केली. एकेक सोडवायचा, ब्रशने घासायचा, फडक्याने टिपायचा. अकरा सोडवले. सासरी शिकलेल्या कुठल्याच गोष्टीने मला इतका दगा दिलेला नाही.

मग हळू पाणी सोडलं, सगळं पुसलं, नवऱ्याच्या गाडीच्या चाकात हवा भरायचा छोटा पंप होता त्याने फटीफटीतलं पाणी उडवलं. उन्हात तासभर बॉनेट उघडं ठेवलं. कप्लर जागच्या जागी लावले. एकाचं तोंड दुसऱ्यात बसत नाही, त्यामुळे चुकायची भीती नव्हती. बॅटरीची वायर जोडली. आणि मग मागे सरून बघितलं तर, काय सांगू, मी केलेलं वाटतच नव्हतं ते. काळं ते काळंभोर, चांदी ती चांदी. मी फोटो काढायला फोन उचलला, तेवढ्यात आई आल्या.

हातात प्रसादाची वाटी होती. ती त्यांनी तशीच कट्ट्यावर ठेवली आणि चपला न काढता गाडीपाशी आल्या.

त्यांनी कधीच बॉनेटखाली बघितलेलं नव्हतं. सोळा वर्षं गाडीच्या वायरी बनवणाऱ्या बाईने गाडीच्या आत कधी बघितलेलं नाही, हे माझ्याही तोवर डोक्यात आलं नव्हतं. बसने कंपनीत जायचं, बोर्डपुढे उभं राहायचं, नग उतरवला की तो खोक्यात जायचा आणि खोकं ट्रकमध्ये. पुढे त्याचं काय होतं हे विचारायला कुणाला वेळ होता.

"ह्यो हार्नेस," त्या म्हणाल्या.

"तुमच्या कंपनीतला आहे?"

"ठाव न्हाई. पन हात बाईचा हाय. टेप बग कशी बसलीया."

मग त्या वाकल्या. डाव्या हाताने, ज्याची बोटं शाबूत होती त्या हाताने, त्यांनी तो जुडगा एका टोकाला धरला आणि हात पुढे पुढे नेत गेल्या. मला वाटलं नुसतं बघतायत. पण त्या पुटपुटत होत्या.

"म्हनून," त्या म्हणाल्या.

"काय म्हणून?"

"हितं डबल टेप मारायची. सोळा वर्सं सांगत्यात, हितं डबल मारा. का, ते कुनी सांगितलं न्हाई. ह्ये बग, हितं ह्यो पत्रा घासतोय. म्हनून डबल." हात पुढे सरकला. "आन् हितं ही फांदी चार बोटं ढिली सोडायची. मी म्हनायची, वायर फुकट घालवत्यात. आगं, इंजिन हलतंय ना. ताठ ठिवली तर तुटंल ती." परत पुढे. "आन् ह्यो जाड पाइप चढवायचा, त्यो बी उगंच न्हाई. हितं गरम हुतंय."

प्रत्येक ठिकाणी त्या 'म्हनून' म्हणत होत्या आणि त्यांचा आवाज बारीक बारीक होत चालला होता. सोळा वर्षं पाळलेल्या एकेका हुकमाचं कारण त्यांना आमच्या अंगणात मिळत होतं. बोर्डवर तो हार्नेस आडवा पडलेला असतो, सपाट. इथे तो वळत होता, चढत होता, इंजिनच्या मागून जाऊन पत्र्याच्या भिंतीतल्या भोकातून गाडीत शिरत होता. टेपच तर गुंडाळता, असं मी ह्या बाईला म्हटलं होतं. माझी मलाच लाज वाटली, आणि तसं मी तेव्हाच त्यांना बोलायला हवं होतं. बोलले नाही.

"लावून दाव की," त्या म्हणाल्या. "चालू झाल्यावर कसं दिसतंय बगू."

मी ऐटीत आत बसले आणि चावी फिरवली. गाडी गुरगुरली, गुरगुरली, आणि गप्प. परत फिरवली. तेच. चार वेळा, पाच वेळा. माझं डोकं फुटायच्या बेतात आलं. व्हिडिओवाल्याच्या सात पिढ्यांचा मी तिथल्या तिथे उद्धार केला. रविवार, त्यातून नवरात्र, गॅरेजवाला गावाला गेलेला, संध्याकाळी नवरा येऊन हसणार, आणि सोमवारी ऑफिसात तो ज्वारीवाला.

आई खिडकीशी आल्या. "काय काय उगडलं हुतंस?"

मी सांगितलं. कप्लर म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"किती?"

"अकरा."

"अकरा!" त्यांनी कपाळाला हात लावला. "आन् बसवताना टक् आलं?"

मला काय माहीत टक् आलं का. मी समई जोडल्यासारखे ते जोडले होते. बसल्यासारखे दिसत होते, बस्स.

आईंनी पदर खोचला. बांगड्या वर सरकवल्या. मग त्या बॉनेटपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोळे मिटले. मी म्हटलं, "अहो, बघून करा." त्या म्हणाल्या, "बोर्डवर डोळं टेपकडं असत्यात. हे काम बोटाचं." आणि उजवा हात पुढे केला. तोच, मुंग्यांचा. डावा चालला असता, पण टेस्टला उजवाच लागणार होता, आणि त्या आता माझी गाडी तपासत नव्हत्या हे मला कळलं.

पहिला कप्लर. ढकलला, ओढला. "बसलाय." दुसरा. "बसलाय." तिसऱ्याला हात लावला आणि तो ओढताच सुटून हातात आला. "ह्यो बग तुजा," म्हणत त्यांनी तो परत लावला आणि असा दाबला की मला दोन हात लांबून टक् ऐकू आलं. सहावाही तसाच निघाला. तोही त्यांनी बसवला. अकरापर्यंत गेल्या, कुठे वाकून, कुठे हात कोपरापर्यंत खाली घालून. डोळे मिटलेलेच. त्यांच्या हाताला रस्ता विचारावा लागत नव्हता. जे इंजिन त्या आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या त्याच्यात त्यांचा हात स्वतःच्या स्वयंपाकघरात फिरावा तसा फिरत होता. मी बघतच राहिले. डिग्र्या घेऊन ऑफिसात बसणारे आम्ही, आम्हाला डोळे उघडे ठेवून जमत नाही ते.

"झालं," त्या म्हणाल्या आणि डोळे उघडले. चेहरा असा फुललेला की नवरात्रभर मी तो तसा पाहिला नव्हता. "दोन पकडलं. पुढच्या सोमवारी यिऊ दे त्या सुपरवायझरला. टेस्ट घेतोय म्हनं."

"त्याचीच घ्या तुम्ही," मी म्हटलं, आणि दोघी हसलो.

मी चावी फिरवली. गाडी गुरगुरली आणि गप्प.

"पानी आसंल कुटंतरी मुरलेलं," आई म्हणाल्या. "वाळू दे. मी च्या टाकते." आणि त्या आत गेल्या. अगदी निश्चिंत.

मी उभी राहिले. पाणी मुरलं असेलही. पण माझा स्वभाव मेला असा की मला थांबता येत नाही. मी पहिल्यापासून परत सगळे कप्लर दाबायला लागले, रागारागात, एकेक. एक, दोन, तीन. काही नाही. आठवा नाही, नववा नाही. दहावा इंजिनच्या मागच्या अंगाला, खाली होता. छोटासा. आईंनी तो ढकलला होता, ओढला होता, आणि बसलाय म्हणाल्या होत्या. ओढल्यावर निघाला नव्हता, कारण अर्धा बसलेला होता. अर्ध्या बसलेल्याचं तसंच असतं. नुसतं ओढून तो सापडत नाही, बोटालाच कळावा लागतो. मी अंगठ्याने दाबला.

टक्.

आणि माझ्या मागे कपबशी वाजली.

आई चहा घेऊन उभ्या होत्या. मी खोकले. खरंच, त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही, मी जोरात खोकले, जसा काही तो आवाज माझ्या घशातून आला होता. मग म्हटलं, "बॅटरीची वायर ढिली होती वाटतं. आता घट्ट केलीय."

"बॅटरी ढिली आसती तर गाडी गुरगुरली आसती का?"

मी फडकं उचलून उगाच बॅटरी पुसायला लागले.

"बोटं गेल्यात माजी," त्या म्हणाल्या. "कान न्हाई."

चहा त्यांनी कट्ट्यावर प्रसादाच्या वाटीशेजारी ठेवला. मला म्हणाल्या, लाव गाडी. मला लावायची नव्हती. मनातून वाटत होतं की सुरू न होवो, खरंच कुठेतरी पाणी मुरलेलं असो, अख्खं इंजिन बसलेलं असो, मला चालेल. मी चावी फिरवली आणि ती एका फटक्यात सुरू झाली.

मी उतरून आईंपाशी गेले. त्या इंजिनकडे बघत होत्या. पट्टा फिरत होता, पंखा लागला, सगळं अंग थरथरत होतं, आणि त्या थरथरीत तो हार्नेस चार बोटं ढील घेऊन बारीक हलत होता. आईंनी त्याच्यावर हात ठेवला.

"जित्ता हाय की गं," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते कशाचं हे मी विचारलं नाही. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही. मग म्हणाल्या, "टेस्ट झाली माजी."

माझं डोकं तापलं. "कसली झाली? अकरातले दहा बरोबर सांगितलेत! माझ्या दोन चुका पकडल्यात. आणि ती जागा कसली अडचणीची, तुमच्या बोर्डवर अशी जागा असते का? डॉक्टर म्हणालेत ना, ऑपरेशननंतर फरक पडेल. एका कप्लरवरून काय ठरतं हो?" मी आणखीही पुष्कळ बोलले. भांडल्यासारखं बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि चहा निवला म्हणून परत तापवायला आत गेल्या.

खंडेनवमीला त्यांनी गाडीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. नवऱ्याने बॉनेट उघडून बघितलं आणि म्हणाला, शोरूमला नेली होती का? ऑफिसात ज्वारीवाल्याने तीन फोटो काढले. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

दसरा झाला, पुढचा सोमवार आला. मी म्हटलं, आज बसने जाऊ नका, मी सोडते. मी वाटभर बोलत होते की टेस्ट तरी द्या, दिल्याशिवाय कुणी नापास होतं का. गेटशी त्या उतरल्या, पदर सारखा केला आणि आत गेल्या. संध्याकाळी मी परत न्यायला आले तेव्हा त्यांच्या बोटांना खोक्यांचा डिंक लागलेला होता.

"पॅकिंगला लावलं?" मी विचारलं. "टेस्ट किती वेळ घेतली?"

"टेस्ट न्हाई दिली. सकाळी गेल्या गेल्या मीच सुपरवायझरला सांगितलं, बोटं गेल्यात माजी, मला बोर्डवरनं काढ."

"आणि तो लगेच हो म्हणाला?"

"न्हाई. पोरगं चांगलं हाय ते. म्हनलं, मावशी, सोळा वर्सं झाली तुमाला, टेस्ट द्या नावाला, मी बगतो काय करायचं ते." आई समोर रस्त्याकडे बघत होत्या. "मी म्हनलं, तू बगशील बाबा. पन गाडीत बसनारा कुटं बगनार हाय?"

पुढे कंटेनरची रांग लागली होती, तिच्यामागे गाडी उभी केली, आणि रांग हलली तरी मला बराच वेळ पुढचं नीट दिसेना.